लेकरू हरवलेल्या आईची झोप

१४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४. या जेमतेम चौदा महिन्यांत परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये दहा खून झाले. मारल्या गेलेल्यांत दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली होत्या, वर्षभराचं एक तान्हं बाळ होतं आणि पस्तिशीतल्या चार बाया होत्या. सर्वोच्च न्यायालयाचा या खटल्यातला निकाल १९७७ साली आला. न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्राची सुरुवातच या मोजदादीने होते.

मानवतची ही हकिगत पुढे अनेकांनी अनेक परींनी सांगितली. अमोल पालेकरांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर १९८१ मध्ये ‘आक्रीत’ हा चित्रपट केला. २०२४ मध्ये याच खून प्रकरणावर वेब मालिका आली. प्रत्येक वेळी उत्कंठा एकाच गोष्टीची असते: कुणी मारलं, का मारलं आणि पोलिसांनी कसं पकडलं. रहस्यकथेची ती रीतच आहे. पण दिवेलागणीला पोर घरी आली नाही, तिथपासून तिची बातमी लागेपर्यंतच्या रात्री आईने काढलेल्या असतात. त्या रात्री निकालपत्रात येत नाहीत, कारण निकालपत्राचं ते काम नाही. चित्रपटात त्या दोन-चार दृश्यांत उरकतात.

इथे आपण त्या रात्रींकडे पाहणार आहोत. हरवलेल्या लेकराला शोधणारी आई झोपत का नाही, न झोपल्याने तिच्या मेंदूचं काय होतं, आणि त्याचा शोधावर काय परिणाम होतो, हे शास्त्राला आता बरंच कळलं आहे. ते समजून घेतलं, की आईच्या जागरणाला आपण जे मोल देतो, त्याचा नव्याने विचार करावा लागतो.

दुष्काळातलं मानवत

आधी काळ लक्षात घेऊ. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्यात आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणूनच येतो. खरीप हातचा गेला, विहिरींनी तळ गाठला. बाप्ये आणि बाया दुष्काळी कामांवर खडी फोडायला जायच्या. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. थोरले दिवसभर कामावर, म्हणजे घरातली मुलं मुलांच्याच भरवशावर. आठ-दहा वर्षांची पोरगी पाणी आणायची, सरपण वेचायची, धाकट्याला काखेत घेऊन फिरायची. अशी मुलगी दिवसाउजेडी रानात एकटी दिसली तर कुणाला नवल वाटत नसे. ती उशिरापर्यंत परतली नाही, तर मात्र घरच्यांच्या पोटात गोळा उठे.

मानवत हे कापसाच्या बाजाराचं गाव. तिथे अशा घटनांची एकामागून एक भर पडत गेली. स्थानिक तपास पुढे सरकेना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना धाडण्यात आलं. मुंबईत अनेक खून करणाऱ्या रामन राघवचा १९६८ मध्ये छडा लावणारे हेच अधिकारी. सरकारी पक्षाचं म्हणणं असं होतं, की पुरलेलं गुप्तधन हाती लागावं आणि मूल व्हावं म्हणून हे बळी दिले गेले. खटल्यात माफीचे साक्षीदार होते, आणि त्यांच्या साक्षीवर कितपत विसंबायचं, हा कायद्याचा प्रश्न शेवटपर्यंत घासला गेला. ज्या दोघांना कटाचे सूत्रधार म्हणून आरोपी केलं होतं, त्यांना मुंबई उच्च न्यायालयाने सोडलं. इतर काहींच्या शिक्षा कायम झाल्या.

कुणाला तरी मूल व्हावं म्हणून दुसऱ्याचं मूल मारायचं, या आरोपाने मराठवाड्याचं मन किती हादरलं असेल, हे सांगायची गरज नाही. आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट ही, की त्या वर्षी मानवतमधल्या आयांना मदतीला हाताशी फार थोडं होतं. फोन विरळा, आणि मुलांसाठी वेगळी हेल्पलाइन नव्हती. हरवलेल्या प्रत्येक मुलाचा गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा दंडक तेव्हा नव्हता. जागं राहणं मात्र आईच्या हातात होतं.

दमलेली आई झोपत का नाही?

झोप दोन शक्तींवर चालते. अलेक्झांडर बॉर्बेली या स्विस शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये त्या दोहोंचा मेळ मांडला. पहिली शक्ती म्हणजे साचत जाणारी झोपेची ओढ. आपण जितका वेळ जागे राहतो, तितकं मेंदूत ॲडेनोसीन नावाचं रसायन साठतं आणि पापण्या जड होतात. दुसरी शक्ती म्हणजे शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ. अंधार पडला की ते शरीराला निजेच्या तयारीला लावतं आणि उजाडताना उठवतं.

या दोन्हींवर मात करणारी एक तिसरी यंत्रणा आहे, ती म्हणजे धोक्याची. जिवावर बेतलं की मेंदूच्या बुडाशी असलेला एक छोटा पेशीपुंज नॉरॲड्रिनलीन सोडू लागतो. किडनीवरच्या ग्रंथी ॲड्रिनलीन आणि कॉर्टिसोल रक्तात ओततात. हृदय जोराने धडधडतं, स्नायू ताणले जातात, पचन मंदावतं. एरवी रात्री कॉर्टिसोल खाली येतं. धोका टळला नाही असं मेंदूला वाटत असेल, तर ते पुरेसं उतरत नाही. म्हणून लेकराच्या शोधात दिवसभर रान तुडवलेल्या बाईचं अंग मोडून आलेलं असतं, तरी तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही. घरातले म्हणतात, “माय, जरा पाठ टेक.” ती पाठ टेकतेही. पण आतली चौकी उठलेली नसते.

त्यात कानही जागा राहतो. इयान ऑस्वाल्ड यांनी १९६० मध्ये झोपलेल्या माणसांना नावांच्या याद्या ऐकवल्या. इतरांच्या नावांपेक्षा स्वतःच्या नावाला त्यांच्या मेंदूने वेगळी, ठळक दाद दिली. म्हणजे झोपेतही मेंदू महत्त्वाचा आवाज निवडून घेतो. लहान मूल असलेल्या घरात हे कुणालाही माहीत असतं: विजा कडाडल्या तरी न उठणारी आई बाळाच्या कुंईने उठते. लेकरू हरवलं की या निवडीची व्याप्ती वाढते. वाऱ्याने वाजलेली कडी, रस्त्यावरून गेलेली सायकल, कुत्र्याचं भुंकणं, सगळंच महत्त्वाचं होऊन बसतं. डोळा लागलाच तर दर थोड्या वेळाने उघडतो.

पहिल्या रात्री ही यंत्रणा उपयोगी पडते. ती आईला चालतं ठेवते, ओळखीच्या प्रत्येक दारात नेते, एरवी जिथे पाय ठेवायला भीती वाटेल अशा ठिकाणीही पाठवते. पण धोक्याची ही व्यवस्था काही तासांसाठी बनलेली आहे. दिवस उलटू लागले की तिची किंमत मोजावी लागते.

दुसरी रात्र, तिसरी रात्र

ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये जागरणाची तुलना दारूशी केली. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी चालते. २४ तासांनंतर हा आकडा साधारण ०.१० टक्क्यांवर जातो. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याने ठरवलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे एक अख्खी रात्र जागलेली आई दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जबाब द्यायला बसते, तेव्हा तिची एकाग्रता त्या मर्यादेच्या तिप्पट नशा चढलेल्या माणसासारखी असते. तरीही आपण तिच्याकडून तारीख, वेळ, कपडे, कुणाचं वैर, सगळं अचूक मागतो.

मेंदूला झोप हवीच असते. दिली नाही तर तो ओरबाडून घेतो. डोळे उघडे असताना काही सेकंदांच्या डुलक्या येतात. त्या क्षणांत माणूस समोर पाहत असतो, पण पाहिलेलं आत पोचत नाही. एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या आईच्या समोरून एक गाडी भरते आणि सुटते. त्यातले काही सेकंद तिच्यापुरते घडलेलेच नसतात. आपण पापणीही लववली नाही, असं ती शपथेवर सांगेल आणि तिच्या दृष्टीने ते खरंच असेल.

याहून घातक बाब हान्स व्हॅन डॉन्गेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवली. त्यांनी निरोगी माणसांना १४ दिवस रोज फक्त चार किंवा सहा तास झोपू दिलं. लक्ष देण्याच्या चाचण्यांत त्यांची घसरण एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी झाली. मात्र आपल्याला किती झोप येते आहे, या प्रश्नावर त्यांचं उत्तर काही दिवसांनी जवळपास तिथेच थांबलं. क्षमता खालावत गेली आणि त्याची जाणीव मात्र झाली नाही. “मी ठीक आहे, मला काही होत नाही,” असं आई म्हणते, तेव्हा ती खोटं बोलत नसते. स्वतःची अवस्था मोजण्याचं मापच थकलेलं असतं.

भावनांचंही तेच. २००७ मध्ये सेउंग-शिक यू आणि मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने एक रात्र जागवलेल्या तरुणांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. त्रासदायक चित्रं दाखवल्यावर भीतीशी निगडित असलेला बदामाएवढा भाग, अमिग्डाला, झोपलेल्यांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के जास्त पेटला. त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी असलेला संपर्क ढिला झाला. म्हणून न झोपलेल्या आईला शेजारणीच्या साध्या बोलण्यात आरोप ऐकू येतो, नवऱ्याच्या गप्प बसण्यात निष्काळजीपणा दिसतो आणि घराघरांत वादाला तोंड फुटतं.

जागरण आणखी लांबलं, तर इंद्रियंही फसवू लागतात. कॅलिफोर्नियातल्या रँडी गार्डनर या १७ वर्षांच्या मुलाने १९६३-६४ च्या हिवाळ्यात शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी २६४ तास जागून दाखवलं. चौथ्या दिवसाच्या सुमारास त्याला रस्त्यावरची पाटी माणसासारखी भासली. तो चिडका झाला आणि साधी वजाबाकी करताना मध्येच थांबू लागला. त्याला कसलंही दुःख नव्हतं, कुणी हरवलेलं नव्हतं.

आता त्यात ओढ मिसळा. झोपेच्या उंबरठ्यावर निरोगी माणसालाही आपल्याला कुणी हाक मारल्याचा भास होतो. ड्यूई रीस या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये जोडीदार गमावलेल्या २९३ माणसांशी बोलून लिहिलं, की त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना गेलेल्या माणसाची चाहूल लागली होती: कुणाला तो दिसला, कुणाला आवाज आला, कुणाला तो घरात असल्याचं नुसतं जाणवलं. बहुतेकांनी हे आधी कुणाला सांगितलेलंही नव्हतं. तेव्हा चौथ्या रात्री “माझी पोर दारात उभी होती” असं सांगणारी आई वेडी झालेली नसते. थकलेल्या, ओढ लागलेल्या मेंदूचं हे नेहमीचं वागणं आहे. रहस्यकथांमध्ये अशी आई ‘भ्रमिष्ट’ ठरते आणि मग तिचं खरं बोलणंही कुणी ऐकत नाही. वाड्या-वस्त्यांतही हेच होतं. “डोक्यावर परिणाम झाला” हा शेरा एकदा बसला, की तिने दिलेला महत्त्वाचा धागाही कानाआड होतो. तिला झालेला भास आणि तिला असलेली माहिती वेगळी काढायची, तर तिला झोपू द्यावं लागतं.

निळा फ्रॉक की हिरवा?

हरवलेल्या मुलाचं वर्णन लिहून घेतानाचा प्रसंग जवळून पाहू. ठाणे अंमलदार विचारतात: उंची किती, बांधा कसा, रंग, केस, जन्मखूण, अंगात काय होतं, पायात काय होतं, कोणती भाषा बोलते, शेवटचं कुणी आणि कुठे पाहिलं. मुलीच्या पायात चप्पल होती का, हे आईला आठवत नाही. बाजूला उभा असलेला मामा म्हणतो, “निळा फ्रॉक होता ना तिचा?” आई क्षणभर थांबते आणि म्हणते, “हो, निळाच.”

स्टीव्हन फ्रेंडा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं. रात्रभर जागवलेल्या माणसांना एखाद्या घटनेची चित्रं दाखवली आणि नंतर तिच्याविषयी काही चुकीची माहिती वाचायला दिली. पुढे आठवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी ती चुकीची माहिती झोपलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात आपलीच आठवण म्हणून सांगितली. न झोपलेलं मन बाहेरून आलेला शब्द सहज आत घेतं.

पुढे तो निळा फ्रॉक बिनतारी संदेशात जातो, रेल्वे स्थानकांना कळवला जातो, फलकावर छापला जातो. परभणी हे जंक्शन आहे. इथून परळीकडे फाटा निघतो. जिल्ह्यातलंच पूर्णा नांदेड, अकोला आणि परभणी या तीन दिशांना जोडणारं जंक्शन. सकाळी परभणीत गाडीत बसलेलं पोर रात्री मुंबईत उतरू शकतं. पूर्ण्याच्या फलाटावर हिरव्या फ्रॉकातली मुलगी एखाद्या जवानासमोरून गेली, तर निळा फ्रॉक शोधणारी त्याची नजर तिच्यावर थांबणार नाही. म्हणून अनुभवी अधिकारी वर्णन आईकडून एकटीला विचारून घेतात. आधी मोकळं बोलू देतात, सुचवणारे प्रश्न टाळतात, कपड्यांची खात्री घरातली वाळत घातलेली धुणी पाहून करतात, आणि आई थोडी झोपून उठली की पुन्हा एकदा विचारतात.

याच कमकुवत घडीला मांत्रिक आणि देवऋषी दारात येतात. “लेकरू जिवंत आहे, पाण्याजवळ आहे, अमुक दिशेला आहे” असं कुणी ठामपणे सांगितलं, की न झोपलेल्या मनाला ते पटतं. पैसे जातात, त्याहून मोलाचे दिवस जातात, शोध चुकीच्या दिशेला वळतो. मानवतने हे दुष्टचक्र दोन्ही टोकांनी दाखवलं आहे. गुप्तधनाच्या आणि बळीच्या श्रद्धेने मुली नेल्या, आणि मुली हरवलेल्या घरांना पुन्हा अंगाऱ्या-धुपाऱ्याच्याच वाटेवर ढकललं जाण्याचा धोका होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्यं आणि नरबळीचा प्रयत्न यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. मानवतनंतर चाळीस वर्षांनी आलेला हा कायदा परभणीच्या प्रत्येक गावात माहीत असायला हवा.

न संपणारी वाट

मृत्यू कळला की दुःखाला सुरुवात होते आणि कधीतरी ते निवतं. तेरावा होतो, वर्षश्राद्ध होतं, माणसं भेटून जातात. हरवलेल्या लेकराचं काहीच करता येत नाही. त्याला गेलेलं मानलं तर आपणच त्याला सोडून दिल्यासारखं वाटतं. आहे असं मानलं तर ताटावर बसवत नाही. अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना १९७० च्या दशकात या अवस्थेचा अभ्यास केला. त्यांच्या मते असा वियोग सगळ्यांत कठीण असतो, कारण त्याचा शेवट करण्याचा अधिकार त्या कुटुंबाकडे नसतो. ‘आता विसर’ हा सल्ला अशा घरात क्रूर ठरतो. ‘कदाचित येईल, कदाचित येणार नाही’ ही दोन्ही वाक्यं एकत्र बाळगून दैनंदिन जगणं चालू ठेवायला बॉस अशा कुटुंबांना शिकवतात.

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या खंडव्यात एका आईने हेच केलं. एकेकाळी पूर्ण्याहून अकोलामार्गे खंडव्याला मीटरगेज गाड्या जात. तिथला पाच वर्षांचा सरू १९८६ मध्ये बऱ्हाणपूरच्या फलाटावर मोठ्या भावाची वाट पाहताना एका रिकाम्या गाडीत झोपी गेला आणि कोलकात्याला पोचला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका जोडप्याने त्याला दत्तक घेतलं. तो मोठा भाऊही त्याच रात्री रेल्वेखाली गेला होता. आई फातिमा मुन्शी मुलगा परत येईल या आशेने तीच वस्ती धरून राहिली. सरू ब्रायर्ली नावाने वाढलेल्या त्या मुलाने गुगल अर्थवर भारतातले रेल्वेमार्ग धुंडाळत २०११ मध्ये आपलं गाव शोधलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तो आईला भेटला. फातिमाबाई पंचवीस वर्षं जागत बसल्या नव्हत्या. त्या कामं करत होत्या, उरलेली मुलं वाढवत होत्या आणि सापडतील अशा ठिकाणी राहत होत्या. वाट पाहणं आणि जागरण ही वेगळी कामं आहेत.

जागरणाची पाळी कुणाची?

मुंबईतल्या अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे हरवलेल्या मुलींचे तपास होते. २००८ ते २०१५ या काळात अशा १६६ मुली नोंदल्या गेल्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १६५ शोधल्या. उरलेली मुलगी जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली, तेव्हा सात वर्षांची होती. २०१५ मध्ये निवृत्त झाल्यावरही भोसले तिचं छायाचित्र जवळ बाळगून विचारपूस करत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, ती सापडली, तीही तिच्या घरापासून अवघ्या काहीशे मीटरवर. तिच्याविषयीचा हरवल्याचा जुना फलक इंटरनेटवर उरला होता. त्यावरचे बहुतेक फोन नंबर बंद पडले होते, एक चालू होता, आणि त्या एका नंबरने तिला आईकडे नेलं.

या घटनेत मुलीला घरी आणलं ते एका अधिकाऱ्याच्या चिकाटीने, छापलेल्या फलकाने आणि चालू असलेल्या एका फोन नंबरने. ही सगळी आईच्या बाहेरची, न थकणारी साधनं होती. मानवतच्या काळात अशी साधनं आईच्या बाजूने नव्हती. आज आहेत, आणि ती वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

१० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं, की हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची आणि अपहरण वा तस्करी झाली आहे, असं गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. ‘चोवीस तास थांबा, येईल परत’ असा कोणताही नियम नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अपहरणाचं कलम १३७ आहे. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२, रेल्वेसाठी १३९. शिवाय २०१५ पासून ‘ऑपरेशन मुस्कान’च्या मोहिमांत पोलीस बालगृहं, स्थानकं आणि बाजार पिंजून काढतात.

घर आणि शेजार यांनी करायचं काम याहून साधं आहे आणि तेच बहुधा राहून जातं. पहिल्या रात्रीच पाळ्या लावाव्यात. एक फोन, एक नंबर ठरवावा. तो सतत चार्ज असावा आणि एका वेळी एकाच्याच हातात असावा. तो नंबर वर्षानुवर्षं चालू ठेवावा. तक्रारीची प्रत, अलीकडचं छायाचित्र आणि कोणाकोणाकडे चौकशी झाली त्याची यादी एका वहीत लिहावी, म्हणजे आईच्या स्मरणावर भार पडत नाही. आईला ‘झोप’ म्हणून चालत नाही. “फोन माझ्याजवळ आहे, वाजला की पहिल्यांदा तुलाच उठवीन” असं सांगून तिच्या विश्वासातल्या बाईने खरंच जवळ बसावं लागतं. धोक्याची यंत्रणा सैल होते ती उपदेशाने नाही, पहाऱ्यावर दुसरं कुणी आहे याची खात्री पटल्यावर. सलग चार-पाच तासांची झोपही लक्ष आणि आठवण काही प्रमाणात सावरते. झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याकडच्या देऊ नयेत, डॉक्टरांना विचारावं. दिवस लांबले, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं.

आपल्याकडे न झोपणाऱ्या आईला आदराने पाहिलं जातं, आणि जी झोपली तिच्या मायेविषयी कुजबुज होते. ही कुजबुज थांबवली पाहिजे. दोन घटका झोपलेली आई लेकराला विसरलेली नसते. तिला फ्रॉकचा खरा रंग आठवण्याची शक्यता जास्त असते, खोटं सांगणारा मांत्रिक ओळखण्याची ताकद तिच्यात जास्त असते, आणि शोध वर्षभर चालवावा लागला तर तो चालवायला ती उभी असते. तेव्हा पोलीस पाटील, सरपंच, आशाताई आणि शेजारच्या चार बाया यांनी मुलं हरवण्याची वाट न पाहता आजच ठरवून ठेवावं, की आपल्या गावात अशी वेळ आली तर पहिल्या तासाला ठाण्यात कोण जाईल, वही कोण लिहील आणि रात्री फोनपाशी कोण बसेल.